पहिला सीझन जिंकला, पुढे काय?

मित्रांनो, घोटीत पहाटे हायवेच्या कडेने भरतीसाठी धावता ना? मग 'पुणे मराठाज'ची गोष्ट ऐकाच.

2012 मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा पहिला सीझन झाला. आपला नेहमीचा फुटबॉल नाही, अमेरिकन! अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. संघ आठ. रग्बी, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्समधून आलेली पोरं हा खेळ नव्यानेच शिकली. फायनलमध्ये पुण्याने दिल्ली डिफेंडर्सना 6-0 हरवलं. पहिल्याच वर्षी चॅम्पियन, एकदम भारी! पण लीगचा गाजावाजा काही टिकला नाही.

आता 'पुणेरी पलटण' बघा. 2014 मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या सीझनमध्ये आठ संघांत तळाला, आठवी. पुढच्या वर्षीही तेच. पण लीग टिकली, कारण कबड्डीची माती गावोगावी आधीपासून होती. दहाव्या सीझनमध्ये, 2024 साली, पलटण चॅम्पियन झाली.

म्हणून नवी लीग, नवी ट्रायल आली तर जरूर जा. नव्या खेळात पाटी सगळ्यांचीच कोरी असते, घोटीच्या पोराचीही आणि पुण्याच्याही. फक्त सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. पैसे कधी मिळणार? दुखापत झाली तर खर्च कोणाचा? आणि दुसऱ्या सीझनची तयारी काय? उत्तरं गोलगोल आली, तर खेळा बिनधास्त. पण भरतीचा फॉर्म भरायला विसरू नका!