ख्रिस्ती उपदेशाची मराठी : सुबोधतेचे मूल्य

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मधील ‘क्रिस्तपुराणा’तील मराठीस्तुतीच्या ओव्या अभ्यासकांच्या परिचयाच्या आहेत. त्याच ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेतील भाषाविषयक भूमिका मात्र तुलनेने उपेक्षित राहिली. शुद्ध मराठी सामान्य श्रोत्यांना उमगत नाही, म्हणून पूर्वकवींचे बहुतेक अवघड शब्द टाळून स्थानिक ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द योजले, असे स्टीफन्स तेथे नमूद करतात. भाषेचा गौरव आणि तिचे सुलभीकरण यांत त्यांना विरोध जाणवला नाही, ही बाब महत्त्वाची आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिकच बोलके आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या या संस्कृतज्ञ स्त्रीने पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते अल्पशिक्षित स्त्रियांसाठी होते. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी टाळले ते असामर्थ्यामुळे नव्हे, तर विवेकाने.

या दोघांत एक मार्मिक भेदही आहे. स्टीफन्स स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा परिचित शब्द निःसंकोचपणे वापरतात; रमाबाईंना मात्र हिंदू धर्मकल्पनांशी निगडित शब्दांविषयी शंका वाटते. परिचित शब्द सोपा असतोच असे नाही. तो आपला जुना अर्थही बरोबर आणतो. सुबोधता ही केवळ शब्दनिवडीची बाब नसून अर्थनिश्चितीची कसोटी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

साध्या भाषेने उपदेशाचे गांभीर्य उणावते, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. प्रवचन ऐकले जाते. श्रोत्याला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचता येत नाही. ‘तारण’, ‘कृपा’, ‘पश्चात्ताप’ या संज्ञा टाळण्याची गरज नाही. मात्र त्यांचा अर्थ श्रोत्यांच्या व्यवहारातील भाषेत उलगडणे हे उपदेशकाचे कर्तव्य ठरते. जड शब्दांच्या आड विचारातील संदिग्धता सहज लपते. साध्या वाक्यात ती उघडी पडते.

‘मिशनरी मराठी’ असा सरसकट शिक्का मारून या गद्याची बोळवण करणाऱ्या समीक्षेने परकीय वाक्यरचनेतून आलेला बोजडपणा आणि श्रोत्यासाठी हेतुतः स्वीकारलेला साधेपणा यांत भेद करावयास हवा. पहिला हा दोष आहे. दुसरी ही वाङ्मयीन सिद्धी आहे.