टीमसाठी फुकटचं ॲप निवडताय? आधी बाहेर पडायची वाट बघा

समजा, सावनेर तालुक्यातल्या खाप्यात १२ जणांची टीम हातमागाच्या कापडाच्या ऑर्डर घेते. सगळं काम व्हॉट्सॲप ग्रुपवर. कोणती ऑर्डर कोणाकडे आहे हे शोधायला दोनशे मेसेज वर सरकवावे लागतात. मग कोणीतरी म्हणतं, "ट्रेलो घेऊ, फुकट आहे."

अडचण कुठे येते?

ट्रेलोच्या फुकट प्लॅनमध्ये मे २०२४ पासून एका वर्कस्पेसला १० जणांची मर्यादा आली. त्याहून मोठ्या टीमचे बोर्ड फक्त बघण्यापुरते उरले. म्हणजे आपल्या १२ जणांनी एकतर पैसे भरायचे, नाहीतर दोघांना बाहेर ठेवायचं.

कधी ॲपच बंद होतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये वंडरलिस्ट विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. पैसे भरले तरी खात्री नसते. ट्रेलोची मालक असलेल्या ॲटलासियन कंपनीच्याच चुकीमुळे एप्रिल २०२२ मध्ये शेकडो ग्राहकांची सेवा बंद पडली, काहींची तर दोन आठवडे.

मग निवडताना काय बघायचं?

१. टीम दुप्पट झाली तर महिन्याचा खर्च किती? बहुतेक ॲप माणशी पैसे घेतात.

२. सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का? पहिल्याच आठवड्यात काढून बघा.

३. टीममध्ये ज्याला इंग्रजी सगळ्यात कमी जमतं, त्याला ते मोबाइलवर वापरता येतं का? तो व्हॉट्सॲपवर परतला, की हळूहळू सगळेच परततात.

दोन आठवडे एकच ऑर्डर त्यावर चालवून बघा. नाही जमलं, तर साधी गूगल शीटही पुरते.