पुढचा अटेम्प्ट सप्टेंबरला! सीएचे वेळापत्रक आपल्या पाळीवर बांधा



सीएचा निकाल लागला की बोईसर-पालघर पट्ट्यात नापास झालेल्या पोरापोरींच्या घरी दोन सल्लागार हमखास पोचतात. पहिला म्हणतो, "हा मारवाडी-गुजरात्यांचा धंदा, आपले काम नव्हे. एमपीएससीचा फॉर्म भर." दुसरा मोबाइलवर कुणा टॉपरचे वेळापत्रक पाठवतो. पहाटे चारला उठा, रोज बारा तास बसा, नव्वद दिवस घराबाहेर पडू नका.

पहिल्या सल्ल्यातली जात लगेच दिसते. दुसऱ्यातली दिसत नाही, म्हणून आज त्याबद्दल बोलायचे आहे.

बारा तास गुणिले नव्वद दिवस म्हणजे 1080 तास. हे तास कुणाकडे असतात? ज्याच्या घरी वेगळी खोली आहे, ज्याच्या पगारावर घर चालत नाही, ज्याचे जेवण दुसरे कुणीतरी रांधते, त्याच्याकडे. आम्ही समाजशास्त्र शिकताना सांस्कृतिक भांडवल हा शब्द वाचला. तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या पोरांशी बोलल्यावर त्याचा अर्थ कळला. वेळसुद्धा वारशाने मिळते. सरावली, खैरापाडा, पास्थळच्या चाळीत मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आलेल्या कुटुंबातला मुलगा दिवसभर कंपनीत बिलिंग करतो, टॅलीत नोंदी टाकतो आणि रात्री एकाच खोलीत पाच माणसे झोपली की पुस्तक उघडतो. मुलीचे तर त्याहून बिकट. एक ग्रुप राहिला की घरात स्थळे बघायची बोलणी सुरू होतात. त्यांच्या हातात टॉपरचे वेळापत्रक देणे म्हणजे पुढच्या नापासाची तयारी करून देणे. आणि ते पाळता आले नाही की दोष पुन्हा त्यांच्याच माथी.

आधी नापास या शब्दाचा हिशेब करू. नोव्हेंबर 2024 च्या सीए फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी 13.44 टक्के उत्तीर्ण झाले. म्हणजे शंभरातले 86 नापास. त्यात सगळ्या जातींची मुले होती. त्यांचा मुलगा राहिला की परीक्षा अवघड होती, आपला राहिला की त्याला झेपले नाही. ही भाषा ओळखा. सीएच्या परीक्षेत आरक्षण नाही, तशा मोजक्या जागाही नाहीत. प्रत्येक पेपरात 40 टक्के आणि ग्रुपमध्ये एकूण 50 टक्के मिळवणारा प्रत्येक जण पास होतो. जात आडवी येते ती इतरत्र. कोचिंगच्या फीमध्ये, आर्टिकलशिपसाठी लागणाऱ्या ओळखीत आणि भाषेत. ही परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदीत देता येते, मराठीत देता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीत शिकलेल्या मुलाने कंपनी कायद्याचे उत्तर परक्या भाषेत लिहायचे. मराठीची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत थांबायला आपल्याकडे पिढ्या शिल्लक नाहीत.

"आपले काम नव्हे" म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा. बाबासाहेब 1918 ते 1920 या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉमर्स कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. जून 1925 ते मार्च 1928 या काळात ते बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. तारखा नीट पाहा. 20 मार्च 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि 25 डिसेंबर 1927 चे मनुस्मृतीदहन याच काळातले आहे. हिशेबनिसांना कायदा शिकवणारा माणूस आणि महाडला पाण्याला हात लावणारा माणूस एकच होता. पुढे संविधान सभेत त्यांनी देशाच्या महालेखापरीक्षकाला संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले. पैशाचे पुस्तक कोण तपासतो याला ते किती मोल देत, हे यावरून कळते.

आणि पुन्हा प्रयत्न करण्याबद्दल? शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. 1920 च्या जुलैत ते पुन्हा गेले. तेव्हा 'मूकनायक' सुरू होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. चळवळीचे मुखपत्र दुसऱ्याच्या हाती देऊन ते परीक्षेला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी सुधारून मागितला, तो त्यांनी मुंबईहून पुन्हा पाठवला आणि 1923 साली डीएससी मिळवली. दुसऱ्या अटेम्प्टची लाज ज्यांना वाटते त्यांनी ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

आता वेळापत्रक.

पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडू नका, गुणपत्रिका उघडा. समजा इंटरच्या एका ग्रुपमध्ये 61, 45 आणि 42 मिळाले. तिन्ही पेपर पास, पण बेरीज 148. तीनशेपैकी 150 हवे होते, म्हणून दोन मार्कांनी ग्रुप गेला. पण 60 च्या वर गेलेल्या पेपरात पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते आणि तिचे 61 मार्क बेरजेत धरले जातात. म्हणजे उरलेल्या दोन पेपरांत मिळून 89 हवेत, प्रत्येकी किमान 40 राखून. "मी नापास आहे" आणि "मला दोनशेपैकी 89 हवेत" या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे बघा. ठरलेल्या मुदतीत फी भरून उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रतही मागवा. मार्क कुठे गेले हे अंदाजाने ठरवू नका.

मग तास मोजा. कामाचे सहा दिवस अडीच तास आणि सुट्टीच्या दिवशी सहा तास, म्हणजे आठवड्याला 21 तास. 16 आठवड्यांत 336. टॉपरच्या 1080 पुढे हा आकडा लहान दिसतो. पण तुम्हाला पहिल्यापासून शिकायचे नाही, राहिलेले दोन पेपर काढायचे आहेत. पहिले 10 आठवडे, 210 तास, अभ्यासाला. पुढचे 4 आठवडे, 84 तास, फक्त हाताने पेपर लिहायला. शेवटचे 2 आठवडे, 42 तास, उजळणीला. इंटर-फायनलचे पेपर दुपारी दोनला सुरू होतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी दोन ते पाच घड्याळ लावून पेपर लिहा. रोजच्या अडीच तासांतला अर्धा तास इंग्रजीत उत्तर लिहिण्याला द्या. वाचून इंग्रजी येत नाही, लिहून येते.

पाळी बदलणाऱ्यांनी तक्ता पाळीप्रमाणे बदलावा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळ, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ. रात्रपाळीच्या आठवड्यात नवा धडा काढूच नका, आधी पुरेशी झोप घ्या आणि दुपारनंतर सोडवलेली गणिते पुन्हा सोडवा. स्टडी मटेरियल, रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट आणि ऑनलाइन वर्ग आयसीएआयच्या अभ्यास मंडळाकडून मोफत मिळतात. टॅक्सचे कायदे दर अर्थसंकल्पाला बदलतात, त्यामुळे मागच्या अटेम्प्टच्या नोट्सवर विसंबू नका.

कोणत्या परीक्षेला बसायचे, हाही आपलाच निर्णय असायला हवा. 2024 पासून इंटर आणि 2025 पासून फायनल वर्षातून तीनदा होऊ लागली. जानेवारी, मे, सप्टेंबर. संधी वाढली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण सूट पुढच्या तीन परीक्षांचीच असते. वर्षाला दोन परीक्षा होत्या तेव्हा ती दीड वर्ष टिकायची, आता वर्षभरात संपते. शिवाय निकालापासून पुढच्या परीक्षेपर्यंत जेमतेम दोन महिने उरतात. रिकामा वेळ असणाऱ्याला ही संधी आहे, पाळीवाल्याला ही धावपळ आहे. म्हणून प्रत्येक अटेम्प्टला बसण्याची सक्ती स्वतःवर लादू नका.

आपल्या चळवळीचे कॅलेंडर यावर ठेवून पाहा. जानेवारीच्या तोंडावर 6 डिसेंबर आणि 1 जानेवारी येतात. मेच्या तोंडावर 14 एप्रिल. आपला पोरगा ऐन उजळणीत स्टेज बांधत असतो आणि आपण त्याला हाडाचा कार्यकर्ता म्हणतो. सप्टेंबरच्या आधी मात्र वर्षावास असतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका जागी राहून अभ्यास करायचा, ही परंपरा आपलीच आहे. पावसात वसई-विरारला रुळांवर पाणी आले की मुंबईचे क्लासही तुटतात. तेव्हा सप्टेंबर धरा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून 16 आठवडे मागे मोजले की मेचा मध्य येतो, जयंती झालेली असते. जानेवारीत राहिलेल्यांनी मे सोडावी, सूट सप्टेंबरलाही चालते. सप्टेंबरमध्येच राहिलेल्यांचीही पुढच्या सप्टेंबरला शाबूत असते. मेमध्ये राहिलेल्यांना वेळ कमी पडतो. त्यांनी झेपेल तर याच सप्टेंबरला बसावे, नाहीतर जानेवारी धरावी आणि मग त्या 6 डिसेंबरला त्यांना कुणीही कामाला बोलावू नये.

हे एकट्याने होणार नाही, म्हणून शेवटचे बोलणे मंडळांशी आणि जयंती समित्यांशी. डीजेला पैसे जमतात, मग विहाराचा हॉल पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत उघडा ठेवायला वीजबिल का जमत नाही? तिथे दहा टेबले, दहा दिवे ठेवा. मुलींसाठी सुरक्षित येण्याजाण्याची जबाबदारी घ्या. वारली, कातकरी, कोकणा घरातल्या मुलांनाही बोलवा, हा जिल्हा त्यांचा आहे. परीक्षेच्या 16 आठवड्यांत उमेदवाराला वर्गणीला, बॅनरला, मोर्चाला बोलावायचे नाही, असा ठराव करा. पहिला ग्रुप काढलेल्याने मागच्याचे पेपर तपासावेत.

तारापूरच्या कारखान्यांत आपली माणसे ड्रम उचलतात आणि त्यांचा पीएफ कापला पण भरला की नाही हे दुसरीच माणसे पुस्तकात लिहितात. ठेकेदाराचे हजेरी रजिस्टर, अनुसूचित जाती उपयोजनेचा वळवलेला निधी, मंडळाच्या ट्रस्टचे ऑडिट, यातले काहीही घोषणेने वाचता येत नाही. ते वाचणारे आपल्यात हवेत. त्यांच्यातले काही जण आज 148 वर अडकलेले आहेत. त्यांना दोन मार्क नव्हे, 336 तास हवेत. ते तास देणे हे समाजाचे काम आहे.

जय भीम! जय संविधान!