पायांतील चेंडू आणि हातांतील पुस्तक

सायंकाळची घंटा झाली, कीं आमच्या औंधांतील मुलें यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशीं माळावर चेंडू घेऊन धांवतात. दप्तरें बांधाशीं पडतात, दोन धोंड्यांचा गोल होतो आणि दिवेलागण होईपर्यंत धुळीचा लोट कांहीं खालीं बसत नाहीं. परवां तेथून जात असतां एक पालक आमच्याजवळ थांबले. त्या धुळींत त्यांचा मुलगाहि होता. कपाळास आठ्या घालून ते म्हणाले, "गुरुजी, चेंडूनें पोट भरतें काय हो?"

प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. त्या वेळीं आम्हीं नुसते हसलों. परंतु घरीं आल्यावर तें हसणें आमचें आम्हांसच बोंचूं लागलें. कारण त्या गृहस्थांस थट्टा नको होती, उत्तर हवें होतें. तें उत्तर विद्यार्थी व पालक या दोघांच्याहि समक्ष द्यावें, म्हणून हा लेख.

शरीर कमविण्याची लाज औंधास कधींच नव्हती. येथील अधिपति श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि हे स्वतः नित्यनेमानें सूर्यनमस्कार घालीत, आणि संस्थानांतील शाळाशाळांतून त्यांनीं मुलांस नमस्कार शिकविले. परंतु राजेसाहेबांचा नमस्कार आरोग्यासाठीं होता, पोटासाठीं नव्हता. आज प्रश्न निराळा आहे. खेळ हाच धंदा करावा काय, असें आज आमचीं मुलें विचारतात, आणि त्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दांत देणारा मनुष्य एक तर फार भाबडा असावा, नाहीं तर फार आळशी.

उदाहरणासाठीं फार दूर जावयास नको. कोल्हापुरास फुटबॉलचें वेड किती आहे, हें ज्यांनीं राजर्षि शाहू मैदानावरील सामना पाहिला आहे त्यांस सांगणें नलगे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम हीं तेथील फुटबॉल संघांचीं नांवें! लाल मातीच्या तालमींनीं चेंडूचे संघ बाळगावे, हें नवल महाराष्ट्रांत कोल्हापुरानेंच करून दाखविलें.

याच कोल्हापुरांत १३ जुलै २००० रोजीं अनिकेत जाधव याचा जन्म झाला. पुण्यास बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनींत त्याचा खेळ घडला. तो आघाडीस व विशेषेंकरून कडेनें खेळतो. मैदानाच्या रेषेलगत धांवणाऱ्या अशा खेळाडूस विंगर म्हणतात. त्याचें काम मोठें चमत्कारिक असतें. एका बाजूस चुन्याची रेषा, दुसऱ्या बाजूस अंगावर येणारा प्रतिपक्षी. या दोहोंमधील वीतभर वाटेनें त्यानें चेंडू न्यावयाचा, आणि गोल टप्प्यांत आला कीं बहुधा तो दुसऱ्याच्या पायाशीं द्यावयाचा. टाळ्या दुसऱ्यास मिळतात; दम याचा जातो.

२०१७ च्या आक्टोबरांत १७ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत भरली. फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेंत भारतीय संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. भारताच्या २१ मुलांत अनिकेत होता. दिल्लीच्या मैदानावर आपला संघ अमेरिकेशीं ०-३, कोलंबियाशीं १-२ आणि घानाशीं ०-४ असा तीनहि सामने हरला. पुढें तो इंडियन ॲरोज या तरुणांच्या संघांतून आय-लीगमध्यें खेळला. नंतर जमशेदपूर व तेथून हैदराबाद येथील संघांत गेला. २० मार्च २०२२ रोजीं गोव्यांत फातोर्डा येथें हैदराबादच्या संघानें इंडियन सुपर लीगचें अजिंक्यपद मिळविलें, आणि त्याच महिन्यांत अनिकेतास भारताच्या मुख्य संघाचें बोलावणें आलें. त्यानंतर कलकत्त्याचा ईस्ट बंगाल, त्यानंतर ओडिशाचा संघ.

ही हकीकत मुलें एका रीतीनें वाचतात व पालकांनीं ती दुसऱ्या रीतीनें वाचावी, असें आम्हांस वाटतें. मुलांस त्यांत जयघोष ऐकूं येतो. पालकांनीं गांवें मोजावीं. जमशेदपूर, हैदराबाद, कलकत्ता, भुवनेश्वर! चोविशीच्या आंत एका मराठी मुलानें इतकीं बिऱ्हाडें बदललीं. धंदेवाईक खेळाडूची जागा हें वतन नव्हे. तो करार आहे, आणि करार बहुधा थोड्या वर्षांचाच असतो. शिक्षक किंवा कारकून ज्या वयांत आपल्या कामांत मुरूं लागतो, त्या पस्तिशीच्या सुमारास विंगरचे पाय त्याला सोडूं लागतात. गुडघा दुखावला तर त्याहून आधीं. मग उरलेल्या तीस-चाळीस वर्षांचें काय?

या प्रश्नाचें एक उत्तर आमच्या जिल्ह्यानें पूर्वींच पाहिलें आहे, आणि तें सुखाचें नाहीं. कऱ्हाडाजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्यें मिळालेलें हें पहिलें वैयक्तिक पदक. तिकडे जाण्यासाठीं त्यांस लोकांपुढें हात पसरावा लागला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. पदक आलें, मिरवणूक निघाली, बैलगाड्या सजल्या. १९५५ सालीं खाशाबा पोलिसखात्यांत फौजदार झाले व तेथें त्यांनीं निष्ठेनें नोकरी केली. परंतु १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला तोंवर सरकारचा मोठा सन्मान त्यांच्या वांट्यास आला नाहीं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मिरवणुकीवर पोट भरत नाहीं, हें खाशाबांच्या चरित्रावरून शिकावें. आणि त्यांना सावरलें तें नोकरीनें, हेंहि विसरूं नये.

आतां दुसरें उदाहरण पाहूं. तें दूरचें, म्हणजे स्कॉटलंडचें आहे. ॲलन मॉर्टन हा ग्लासगोचा विंगर १८९३ सालीं जन्मला. अंगानें ठेंगणा, पण पायानें विलक्षण चपळ. घरामागील कोठीच्या दारास एक भोंक होतें. त्यांतून चेंडू पार करण्याचा सराव तो लहानपणीं तासन्‌तास करी, असें सांगतात. प्रथम तो क्वीन्स पार्क या हौशी संघांत खेळला व १९२० सालीं रेंजर्स या नामांकित संघांत गेला. तेथें तो १९३३ पर्यंत होता, आणि त्या अवधींत रेंजर्सनें नऊ वेळां अजिंक्यपद मिळविलें. देशाकडून तो ३१ सामने खेळला. ३१ मार्च १९२८ रोजीं वेंब्ले येथें स्कॉटलंडनें इंग्लंडचा ५-१ असा पाडाव केला. त्यांतील तीन गोल ॲलेक्स जॅक्सनचे. आणि त्या तिन्ही वेळां डाव्या कडेनें चेंडू आणून दिला तो मॉर्टननें.

पण आम्हांस मॉर्टनचें कौतुक वाटतें तें निराळ्याच कारणासाठीं. तो खाणकामाचा शिकलेला इंजिनियर होता. इतकी कीर्ति मिळाल्यावरहि त्यानें तें काम सोडलें नाहीं. दिवसा कचेरी व खाण, आणि फावल्या वेळीं सराव. मैदान सुटलें त्या दिवशीं तो रस्त्यावर आला नाहीं. पुढें रेंजर्सच्या संचालक मंडळांतहि त्याला मानाची जागा मिळाली.

येथें कोणी म्हणेल, "तो काळ गेला. आजचा धंदेवाईक खेळाडू सकाळ-सायंकाळ मैदानावर राबतो. कचेरी कोठून सांभाळणार?" हा आक्षेप खरा आहे व तो आम्ही टाळीत नाहीं. मॉर्टनची दिनचर्या आज कोणास उचलतां यावयाची नाहीं. पण तिच्यामागील शहाणपणा उचलतां येतो. खेळ संपल्यावर शिकूं, असें जो म्हणतो तो बहुधा शिकत नाहीं. म्हणून विद्या खेळाच्या आधीं व खेळासोबत मिळवावी लागते. आज त्याची सोयहि आहे. नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ घरबसल्या पदवी देतें. सरकारी नोकऱ्यांत गुणी खेळाडूंसाठीं १०० पैकीं ५ जागा राखलेल्या आहेत. परंतु त्या जागेवर बसावयास परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा कागद लागतोच. चेंडू दारापर्यंत नेतो. कडी पुस्तकानेंच उघडते.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी, कीं मुलाच्या पायांतील चेंडू हिसकूं नका. हिसकावून घेतलेल्या वेळांत मूल अभ्यास करतें, हा गोड भ्रम आहे. तें खिडकीबाहेर पाहत बसतें. त्याच्या अंगीं खरा गुण आहे कीं नुसती हौस, हें जाणत्या माणसास विचारा. गुण असेल तर प्रबोधिनीची वाट दाखवा. नसेल तर खेळूं द्या, म्हणजे निदान आरोग्य तरी लाभेल. मात्र दोन्ही प्रसंगीं शाळेचा दाखला त्याच्या हातीं राहील, इतकें पाहा.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे, कीं अनिकेताचे गोल पाठ करूं नका; त्याचे श्रम ध्यानीं घ्या. ०-४ असा पराभव सगळ्या देशासमोर सोसून जो पुन्हां मैदानांत उतरतो, त्याला गणितांत एकदां नापास होण्याचें भय कां वाटावें? आणि तुमच्या वर्गांतून शंभरांत एखादाच विंगर होईल. उरलेल्या नव्व्याण्णवांनीं विंगरचें शील तरी घ्यावें: अरुंद वाटेनें धांवावें, रेषा ओलांडूं नये, आणि गोल दुसऱ्याच्या हातून होत असेल तर चेंडू आनंदानें द्यावा.

राहतां राहिलें त्या पालकांचें उत्तर. महाराज, चेंडूनें पोट भरतें. पण थोड्यांचें, आणि थोडीं वर्षें. म्हणून मुलास माळावर जाऊं द्या. दिवेलागणीस मात्र आपण स्वतः तेथें जा, बांधाशीं पडलेलें त्याचें दप्तर उचला, आणि धुळीनें भरलेला तो मुलगा व तें दप्तर, दोन्ही बरोबर घेऊन घरीं या.