सुटलेले शहर आणि बंद ट्रंका

नोकरीनिमित्त अथवा विवाहामुळे एक शहर सोडून दुसऱ्या शहरी घर थाटलेली कुटुंबे आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. अशा घरी आम्ही भेटीस गेलो म्हणजे चहाचा पेला हाती येण्यापूर्वीच एक वाक्य कानी पडते, "आमच्याकडे असे नव्हते हो, फादर!" आमच्याकडे म्हणजे पुण्याकडे, मुंबईकडे किंवा नगरकडे. बडोद्यात पंधरा वर्षे संसार केलेली गृहिणीही 'आमच्याकडे' म्हणते तेव्हा तिच्या मनात बडोदे नसते.

यात आम्हांस काही गैर वाटत नाही. ज्या गल्लीत माणूस चालायला शिकला ती गल्ली त्याच्या पायांना कायमची ठाऊक असते. परंतु या आठवणीचे घरात काय होते, तिच्यामुळे मुलांच्या हाती काय पडते, हा प्रश्न वेगळा आहे; आणि गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या धर्मग्रामातील एका घरी तो आमच्यापुढे उभा राहिला.

घरधनी येथील एका कारखान्यात नोकरीस आहेत. पत्नी पुण्याच्या नाना पेठेतील, क्वार्टर गेटजवळच वाढलेली. ज्या चर्चसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली जागा दिली, त्याच चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. तिचे वडील वाचनाचे वेडे. वारताना त्यांनी मुलीसाठी मागे ठेवल्या त्या दोन ट्रंका भरून पुस्तके. घर दोन खोल्यांचे. थोरला मुलगा नववीत गेला, त्यास अभ्यासाला टेबल हवे, आणि टेबलाच्या जागी ट्रंका. पती म्हणाले, रद्दीवाल्यास देऊन टाकू. पत्नीने डोळ्यांस पदर लावला. "ही पुस्तके गेली म्हणजे माझे पुणेच गेले, फादर."

"सहा वर्षांत एकदा तरी ट्रंक उघडून पाहिलेस का तुझे पुणे?" पतीने विचारले.

स्वर रुक्ष होता, परंतु प्रश्न रास्त होता. त्या गृहस्थांची बाजूही आम्हांस येथे मांडली पाहिजे, कारण ती सहसा कोणी मांडीत नाही. नळाचे पाणी गेले, भाजीत गूळ पडला, उन्हाळा असह्य झाला की घरात बडोद्याला बोल लागतो. तो बोल बडोद्याला कोठून ऐकू जाणार? तो लागतो त्या मनुष्याला, ज्याने कुटुंबास येथे आणले. दहा वर्षे तो निमूटपणे ऐकत होता. ट्रंका हे केवळ निमित्त झाले.

त्या बाईंना आम्ही पुण्याविषयी विचारले, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळला. जून महिन्यात वडिलांचे बोट धरून अप्पा बळवंत चौकात जायचे, जुनी क्रमिक पुस्तके अर्ध्या किमतीत घ्यायची, आदल्या वर्षीच्या मालकाचे नाव खोडून त्याखाली आपले नाव घालायचे. परतताना नगर वाचन मंदिरात वडिलांचे पुस्तक बदलायचे. ही संस्था १८४८ सालची, बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाच्याच वयाची. वडील घरी येऊन रात्री मोठ्याने वाचीत, आणि शेजारच्या खोलीतील आजी मध्येच थांबवून "पुन्हा वाच" म्हणत. हे सारे त्या आम्हांस सांगत होत्या आणि त्यांची दोन्ही मुले तोंड उघडे टाकून ऐकत होती. त्यांनी हे प्रथमच ऐकले. आजवर पुण्याविषयी त्यांच्या कानी आले होते ते एवढेच की तेथे हवा थंड असते आणि येथे नसते.

धाकटी मुलगी पाचवीत आहे, इंग्रजी शाळेत. आम्ही ट्रंकेतील वरचेच एक पुस्तक तिच्यापुढे धरले. अक्षरे तिला येत होती, कारण शाळेत हिंदी आहे. अडले ते पुढे. 'जग' हा शब्द तिने पाण्याच्या जगासारखा उच्चारला. अक्षरे तीच, परंतु आपण राहतो त्या जगातील 'ज' निराळा, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. पुढे 'शिक्षा' आली. "म्हणजे शाळेत शिकणे," ती आत्मविश्वासाने म्हणाली. हिंदीत ते बरोबरच आहे; मराठीत तो छडीचा मामला! घरात सर्वजण हसले, बापही हसला. आईच्या हसण्यात थोडी धास्ती आम्हांस दिसली, आणि ती आवश्यक होती. लिपी शाळा देते. जगातला 'ज' घरीच, कानाने मिळतो. मोठ्याने वाचणारे माणूस घरात नसेल तर तो एका पिढीत नाहीसा होतो, मग ट्रंका दोन असोत वा दहा.

बडोद्यावर रुसलेल्यांस आम्ही नेहमी एका मुलाची कथा सांगतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक आला. त्यास तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. घर सुटले, आईबाप दुरावले, आणि परक्या वाड्यात मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा शिकाव्या लागल्या. हेच पुढे महाराज सयाजीराव गायकवाड. अमेरिकेतील वाचनालये त्यांनी प्रवासात पाहिली, १९१० साली तेथून विल्यम बॉर्डेन नावाच्या ग्रंथपालास बडोद्यास बोलावले आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभारविले. खेडोपाडी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. मांडवीजवळ ते ग्रंथालय आजही आहे. पुस्तकांची मांडणी लोखंडी, मजल्यांची जमीन काचेची, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत उतरावा. मराठी ग्रंथ तेथे आहेत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१८ साली याच शहरी भरले होते. आणि या बाई दहा वर्षांत त्या ग्रंथालयाची पायरी चढल्या नव्हत्या! पुण्याच्या वाचनालयासाठी हळहळणाऱ्या वाचकाने एवढे करू नये, हे आम्हांस पटले नाही, व तसे आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले.

ट्रंकांविषयी आमचा सल्ला असा पडला की रद्दीत काहीच जाऊ नये आणि बंदही काही राहू नये. एका रविवारी मिस्सानंतर सर्वांनी मिळून पुस्तके गच्चीवर उन्हात घातली. तळाच्या थराला कसर लागली होती. ती पुस्तके गेली, आणि त्यावेळी बाई रडल्याही. मुलांना वाचून दाखविण्याजोगी तीसेक घरी राहिली. त्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला आहे. पाला दरवर्षी बदलावा लागतो हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. उरलेली, सुस्थितीतील पुस्तके परिचयाच्या मराठी कुटुंबांत वाटली, प्रत्येकावर वडिलांचे नाव तसेच ठेवून.

आता रोझरीनंतर पंधरा मिनिटे वाचन होते. आई वाचते, कधी मुलगी वाचते. कारखान्यात पाळी नसली म्हणजे वडीलही बसतात. भ्रमणध्वनी तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत असतो, निदान आम्हांस तसे सांगण्यात आले आहे. शनिवारी मायलेकी मांडवीला जातात. पुण्याची आठवण थांबलेली नाही. परवाच मुलीने आम्हांस विचारले की क्वार्टर गेटला खरोखरीचे गेट होते काय. आम्ही तिला आईकडे पाठविले.

बेळगाव, इंदूर, हैदराबाद येथील वाचकांच्या घरी मराठी पुस्तक मोठ्याने वाचले जाते काय, कोण वाचते व कोण ऐकते, हे त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे. थोरल्याचे टेबल मात्र अजून आलेले नाही. एक ट्रंक रिकामी होऊन माळ्यावर गेली. दुसरीवर पाट ठेवून तो अभ्यास करतो, आणि पुस्तक काढायचे असले की त्याला उठवावे लागते.