इंग्रजीचा गृहपाठ कुणाचा?

महाराष्ट्रात २०२५ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत भाषेवरून मोठे वादळ उठले. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय आणि अखेर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेत असल्याची घोषणा, असा तो प्रवास होता. लहान मुलांवर किती भाषांचे ओझे टाकायचे, यावर त्या काळात भरपूर चर्चा झाली. या साऱ्या गदारोळात एक भाषा मात्र वादाच्या बाहेरच राहिली. ती इंग्रजी. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा तिला कडाडून विरोध झाला होता. तो विरोध आता जवळजवळ मावळला आहे. इंग्रजी हवी की नको, हा प्रश्न आज कोणताही पालक विचारत नाही. पण त्यामुळेच दुसरा एक प्रश्न मागे पडला आहे. शाळेत शिकवलेली इंग्रजी दप्तरातून ज्या घरात परत येते, त्या घराने तिचे काय करायचे?

हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. हातकणंगले तालुक्यातील हे गाव ‘चंदेरी नगरी’ म्हणून ओळखले जाते. इथली पैंजणे आणि चांदीचे इतर दागिने देशाच्या अनेक राज्यांतील बाजारपेठांत जातात. या व्यवसायाचे वैशिष्ट्य असे की, त्याचा मोठा भाग घराघरांतून चालतो. चांदी आटवणे, तार ओढणे, कड्या जोडणे, डाख लावणे, घुंगरू बसवणे, उजळणे अशी कामांची साखळी असते आणि तिच्यातील कितीतरी कड्या घरातल्या स्त्रियांच्या हातून जातात. म्हणजे जिथे आई काम करते, तिथेच मूल अभ्यासाला बसते. शहरात नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर राहणाऱ्या आईबापांना जे साधत नाही, ते इथे परिस्थितीनेच जुळून आलेले असते. मात्र जवळ असणे म्हणजे अभ्यासात सहभागी असणे नव्हे.

मराठी माध्यमातल्या मुलाचा गृहपाठ चार-पाच इयत्ता शिकलेली आईसुद्धा पाहू शकते. धडा वाचून घेणे, पाढे म्हणून घेणे, अक्षर गिरवून घेणे तिला जमते. मूल इंग्रजी माध्यमात गेले, किंवा सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकू लागले, की ही आई एका दिवसात परकी होते. जे गणित तिला येते, तेही तिला वाचता येत नाही. मग शिकवणी लावली जाते. ज्यांना ती परवडते, त्यांचा प्रश्न तात्पुरता सुटतो. ज्यांना परवडत नाही, ते मूल एकटे पडते. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांमधून इंग्रजी शाळेत पोहोचलेल्या गरीब घरातील मुलांची अडचण तर याहून बिकट आहे. प्रवेशाचे दार कायद्याने उघडले, परंतु घरच्या मदतीची सोय कोणत्याही कायद्याने केलेली नाही.

याचा दुसराही एक परिणाम होतो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. घरातील मोठ्यांच्या शब्दाला असलेला मान त्यांच्या जाणतेपणावर उभा असतो. आठ-नऊ वर्षांचे मूल ‘तुला यातले काही कळत नाही’ असे आईला सुनावू लागते, तेव्हा केवळ गृहपाठ अडलेला नसतो. बँकेचा अर्ज, दवाखान्याचा कागद, मोबाइलवरचा संदेश वाचून दाखवण्याचे काम मुलाकडे येते आणि घरातील व्यवहारांचा अर्थ लावण्याची सत्ताही नकळत त्याच्याकडे जाते. परदेशांत स्थलांतरित कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्यांना ही उलथापालथ चांगलीच परिचित आहे. गाव न सोडताही ती घडू शकते, हे आपण अजून पुरते ओळखलेले नाही.

शाळेवर सारा भार टाकून इंग्रजी येते काय, याचे उत्तर आकडेवारी देते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालानुसार २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी केवळ २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता येत होती. आठवीत हे प्रमाण ४६.७ टक्के होते. २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातील युवकांची पाहणी झाली. त्यातील ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली, परंतु वाचता येणाऱ्यांपैकीही सुमारे एक चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही. अक्षरे ओळखून उच्चार करणे आणि वाचलेले समजणे यांतले हे अंतर आहे. अर्थ समजण्यासाठी त्यावर बोलावे लागते आणि मूल सर्वांत जास्त बोलते ते घरात, घरच्या भाषेत.

व्यवसाय आणि इंग्रजी यांच्या नात्यावर काईवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईतील दादर परिसरातील शाळांचा अभ्यास करून २००६ मध्ये महत्त्वाचा निष्कर्ष मांडला होता. उदारीकरणानंतर इंग्रजी शिक्षणाचे आर्थिक मोल झपाट्याने वाढले. तरीही ज्या जातींतील पुरुषांना नात्यागोत्यातून ठरावीक कामे मिळत होती, त्यांचे मुलगे मराठी माध्यमातच राहिले. मुलींसाठी असे नोकरीचे जाळे नव्हतेच, म्हणून त्या नव्या संधीकडे अधिक मोकळेपणाने वळल्या. दादर आणि हुपरी यांत फरक आहे, हे खरे. पण घरचा धंदा तयार असलेल्या प्रत्येक गावाने हा निष्कर्ष मनाशी ताडून पाहावा. मुलाला ‘शेवटी चांदीच करायची आहे’ असे म्हणून सोडून द्यायचे आणि मुलीचे शिक्षण लग्नापुरते मोजायचे, ही दुहेरी चूक अशा गावांत सहज घडू शकते.

शिवाय चांदीचा धंदाही आता इंग्रजीवाचून राहिलेला नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला, त्याबरोबर बिले, विवरणपत्रे, संकेतांक आले. चांदीच्या दागिन्यांसाठी ऐच्छिक हॉलमार्किंगमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून अक्षरे आणि अंक मिळून तयार होणारा सहा चिन्हांचा ओळखक्रमांक सुरू झाला. चांदीने किलोला एक लाख रुपयांचा टप्पाही ओलांडला. माल इतका महाग झाला की, कागदावरची एक चूकही महागात पडते. टंच, घट आणि मजुरी यांचा हिशेब पिढ्यान्पिढ्या तोंडी करणाऱ्या घरांना आता रोमन अक्षरांतला कागद वाचावा लागतो. तेव्हा इंग्रजी ही केवळ मुलाच्या भवितव्याची बाब उरलेली नाही, ती घराच्या वर्तमानाची गरज झाली आहे.

मग संपूर्ण कुटुंबालाच शिकवले तर? ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये ‘इव्हन स्टार्ट’ नावाच्या कौटुंबिक साक्षरता योजनेला कायद्याने मान्यता मिळाली. मुलांचे शिक्षण, पालकांचे शिक्षण, पालकत्वाचे मार्गदर्शन आणि दोघांनी एकत्र शिकण्याचा वेळ, असे तिचे चार भाग होते. घरात स्पॅनिश बोलणारी, इंग्रजी शिकू पाहणारी हजारो कुटुंबे तीत होती. हेतू उत्तम होता, पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मूल्यमापनात योजनेतील कुटुंबे योजनेबाहेरील कुटुंबांपेक्षा पुढे गेल्याचे दिसले नाही. देऊ केलेल्या तासांपैकी फारच थोडे तास कुटुंबे प्रत्यक्ष हजर राहत होती, हेही त्यातून पुढे आले. २०११ मध्ये या योजनेचा निधी थांबला. कष्टकरी घराला वेळ सोयीची नसेल, तर उत्तम अभ्यासक्रमही कागदावरच राहतो, हा त्यातला धडा.

भारतातील अनुभव थोडा अधिक आशादायक आहे. ‘प्रथम’ने बिहार आणि राजस्थानात मातांसाठी तीन मार्ग आजमावले. काही गावांत मातांचे साक्षरता वर्ग, काही गावांत घरी मुलाबरोबर करायच्या कृतींचे साहित्य आणि काही गावांत दोन्ही. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माता आणि मुले या दोघांच्याही शिक्षणात वाढ आढळली. वाढ लहान होती, पण ती खरी होती आणि दोन्ही मार्ग एकत्र आले तिथे परिणाम अधिक चांगला होता. या वर्गांत इंग्रजीचा प्रश्न नव्हता. तथापि आई शिकते तेव्हा मूलही शिकते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आणि खरे तर यासाठी बिहारकडे पाहण्याचेही कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. शिक्षणाची जबाबदारी घरावरही आहे, हे तत्त्व त्यात होते. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. संपूर्ण गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होत असे. साक्षरता ही एकट्यादुकट्याची नव्हे, तर गावाच्या प्रतिष्ठेची गोष्ट मानली गेली. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळच्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि नातवंडांच्या वयाच्या मुलांसारख्या आज्या पाटी-दप्तर घेऊन बसल्या. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानातून गावोगावी मातांचे गट तयार झाले. या गटांना नवे काही शिकवायचे, तर सांगाडा तयारच आहे.

हुपरीसारख्या गावात हे काम कसे करता येईल? पहिली अट वेळेची. कड्या जोडणाऱ्या स्त्रीची मजुरी कामावर ठरते. तिला वर्गात बोलावणे म्हणजे तिच्या उत्पन्नावर टाच आणणे. म्हणून वर्ग गल्लीत, दोन-चार घरांच्या गटाने, सायंकाळी तासाभराचा आणि आठवड्यातून दोनदाच असावा. मुलाने सोबत बसावे. दुसरी अट साहित्याची. सुरुवात व्याकरणाच्या पुस्तकाने न करता घरात रोज येणाऱ्या कागदांनी करावी. बिल, औषधाचे वेष्टन, शाळेची सूचना, हॉलमार्कची अक्षरे, मोबाइलवरचा बँकेचा संदेश. प्रौढ माणूस गरजेचे तेवढे लवकर शिकतो. तिसरी अट भाषेची. मुलाने इंग्रजी वाक्य वाचावे, आईने त्याचा अर्थ मराठीत विचारावा आणि दोघांनी मिळून तो लावावा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ पासूनच्या उपक्रमात मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांतील बालकथा विनामूल्य मिळतात. एकच गोष्ट आईने मराठीत सांगावी आणि मुलाने इंग्रजीत वाचावी, हा साधा खेळ कोणत्याही शिकवणीपेक्षा स्वस्त आहे.

यावर मराठीप्रेमी मंडळी शंका घेतील. घराघरांत इंग्रजी शिरली की मराठी हद्दपार होईल, ही भीती निराधार नाही. परंतु ती उलट दिशेने पाहायला हवी. जिम कमिन्स या कॅनेडियन भाषाशिक्षणतज्ज्ञाने १९७९ पासून मांडलेला सिद्धांत सांगतो की, एका भाषेत कमावलेले वाचनाचे आणि आकलनाचे कौशल्य दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. मराठीत चांगले वाचणारे मूल इंग्रजीतही लवकर पुढे जाते. म्हणजे आईची मराठी ही अडचण नसून भांडवल आहे. मराठीला इजा होते ती इंग्रजी शिकण्याने नव्हे, तर ‘आपल्या भाषेतून मुलाला काही देता येत नाही’ असे पालकांना वाटू लागल्याने. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद रास्तच आहे. पण त्या दर्जाची खरी कसोटी सभागृहांत नव्हे, तर अशा घरांत लागणार आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. आधीच कामाखाली वाकलेल्या स्त्रीवर मुलाच्या इंग्रजीचीही जबाबदारी टाकायची काय? टाकू नये. कौटुंबिक साक्षरता म्हणजे केवळ ‘मातेची साक्षरता’ असे समीकरण झाले, तर तो तिच्यावरचा आणखी एक भार ठरेल. बाप, आजोबा, मोठी भावंडे यांनाही त्यात ओढले पाहिजे. शाळेची जबाबदारी कमी करण्याचे निमित्त म्हणून तर हा मार्ग मुळीच वापरता कामा नये. शिक्षकांच्या रिक्त जागा न भरता पालकांना शहाणपण शिकवणे, हा ढोंगीपणा होईल.

खर्चाची बाब म्हणाल, तर तो फार नाही. नगरपरिषद, शाळा, महिला बचत गट, सार्वजनिक वाचनालय आणि चांदी कारखानदार यांनी एकत्र यायचे ठरवले, तर जागा, माणसे आणि पुस्तके गावातच मिळतील. प्रौढ शिक्षणासाठीचा ‘उल्लास’ हा केंद्राचा कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. त्याची मुदत संपण्यापूर्वी त्याला कुटुंबाची जोड देऊन पाहण्याची संधी राज्याने घालवू नये. पहिलीपासून कोणत्या भाषा शिकवायच्या, यावरच्या समित्या आणि अहवाल होत राहतील. तोवर ज्या घरात मूल एकटेच इंग्रजी पुस्तक उघडून बसले आहे, त्याच्याशेजारी कुणीतरी मोठे माणूस बसेल, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. ती न करता वर्षाअखेरीस गुणपत्रिकेवर बोट ठेवून मुलाला दोष देणे न्यायाचे होणार नाही.