नाव उडालं की उडवलं?

माझी भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. परवा रविवारी सकाळी चहाच्या वेळी ती वही घेऊन आली. इंग्रजी शब्द, त्यापुढे मराठी अर्थ आणि त्याखाली 'वाक्यात उपयोग', असा तिचा रोजचा वीस शब्दांचा रतीब असतो. त्या दिवशीच्या यादीत अकरावा शब्द होता 'डिसएन्फ्रँचाइज'. अर्थ लिहिला होता, 'मताधिकारापासून वंचित करणे'. वाक्य होते, 'यादीतील घोळामुळे हजारो नागरिक मतदानापासून वंचित राहिले.'

"मामा, बरोबर आहे ना?"

परीक्षेपुरते बरोबर आहे, असे म्हणून मी चहाचा कप उचलला खरा, पण ते वाक्य काही मनातून जाईना. करणे आणि राहणे! अर्थ लिहिताना तिने 'करणे' लिहिले आणि वाक्य करताना त्याचे 'राहणे' झाले. मधल्या मध्ये करणारा कुठे गेला?

चूक तिची नाही. आपण सगळेच असे बोलतो. हक्क 'गेला', पेन्शन 'अडकली', रक्कम 'बुडाली', नाव 'उडालं'. जणू पाऊस पडावा किंवा पान गळावे तसे हे आपोआप घडते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या गल्लीतल्या एक आजी सकाळी सातलाच नवी नऊवार नेसून मतदानाला गेल्या आणि पाऊण तासात परत आल्या. "नाव उडालं म्हणे," एवढेच बोलल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. ज्या केंद्रावर त्यांनी आजवर प्रत्येक वेळी मत दिले, तिथूनच नाव उडाले होते. कोणी उडवले, कधी, कोणाच्या सांगण्यावरून, हे त्यांनी विचारले नाही. विचारायचे असते, हेच त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

वास्तविक कायद्याला हे उडणे ठाऊक नाही. मतदार यादीतून नाव वगळायचे तर नोंदणी अधिकाऱ्याने निर्णय घ्यावा लागतो, आणि माणूस मयत नसेल तर त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते, असे 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. म्हणजे प्रत्येक 'उडालेल्या' नावामागे कोणाचा तरी अर्ज, कोणाची तरी चौकशी आणि कोणाची तरी सही असते, निदान असायला हवी. भाषेने मात्र ती सही पुसून टाकली आहे.

आता त्या इंग्रजी शब्दाकडे वळू. आजच्या मुलांना 'फ्रँचाइज' म्हटले की दोनच गोष्टी आठवतात. एक आयपीएलचे संघ आणि दुसरी चौकाचौकांत निघालेली चहाची दुकाने. पण शब्द जुना आहे. त्याच्या पोटात जुन्या फ्रेंच भाषेतला 'फ्रँक' आहे, आणि फ्रँक म्हणजे मुक्त, कोणाचा बांधील नसलेला. फ्रँक नावाच्या ज्या टोळ्यांनी आजच्या फ्रान्सवर राज्य केले, तिथे खऱ्या अर्थाने मोकळे असे तेच होते. म्हणून जमातीचे नाव स्वातंत्र्याचे नाव बनले. मोकळेपणाने बोलणारा तो फ्रँक, आणि टपालखात्यात तिकिटाविना जाणाऱ्या पत्रावर उमटते ते फ्रँकिंग. गंमत अशी की अरबी-फारसीच्या वाटेने हाच फ्रँक आपल्याकडे आला तो 'फिरंगी' होऊन. फ्रँचाइज आणि फिरंगी ही एकाच घराण्यातली चुलत भावंडे आहेत, हे वाचून भाचीला फार मौज वाटली.

तेव्हा फ्रँचाइज म्हणजे आधी मोकळीक. गावात वावरण्याची, धंदा करण्याची, चार लोकांत नागरिक म्हणून उभे राहण्याची. मतदानाचा अर्थ त्याला बराच उशिरा चिकटला. 'डिसफ्रँचाइज' हे क्रियापद, म्हणजे या शब्दाचे जुने रूप, ही सगळी मोकळीक काढून घेण्यासाठी होते. त्याला धार आली ती अमेरिकेत. तिथल्या राज्यघटनेने 1870 मध्ये वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. पण पुढे दक्षिणेकडच्या राज्यांनी मतदानाला कर लावला, वाचनाची परीक्षा ठेवली आणि कृष्णवर्णीयांना यादीबाहेर काढले. ते थेट 1965 च्या कायद्यापर्यंत चालले. काळ्या माणसाला मत नाही, असे त्या नियमांत कुठेही लिहिलेले नव्हते. इंग्रजी भाषेने मात्र त्या कृतीला नाव ठेवले आणि ते नाव सकर्मक ठेवले. कोणी केले, हा प्रश्न शब्दातच येतो. (अलीकडे तिकडचे पत्रकार कोणत्याही रुसलेल्या तरुणाला 'डिसएन्फ्रँचाइज्ड' म्हणू लागले आहेत. तो शब्दाचा अपव्यय आहे.)

मराठीत असा शब्द नाही, असे मात्र कोणी समजू नये. आहे, आणि तो खेड्यात कोणालाही ठाऊक आहे: 'वाळीत टाकणे'. वाळीत कोणी आपोआप पडत नाही. पंच बसतात आणि टाकतात. मग विहीर बंद, न्हावी बंद, लग्नाकार्याचे बोलावणे बंद. डिसफ्रँचाइजच्या मूळ अर्थाला याहून जवळचा शब्द मला सापडलेला नाही. हे अजूनही चालते म्हणूनच तर महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. आणि 'वंचित' म्हणाल तर तोही मुळात गुळमुळीत शब्द नव्हे. संस्कृतात वंचना म्हणजे फसवणूक आणि वंचित म्हणजे फसवला गेलेला. आपण त्याला 'राहिला' जोडले आणि फसवणाऱ्याला मागच्या दाराने वाट करून दिली.

हे सगळे सोलापुरात बसून लिहिताना आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. हक्क काढून घेतले जाणे म्हणजे काय, हे या शहराने दोनदा पाहिले. एकदाचे आपण अभिमानाने सांगतो. 12 मे 1930 रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि सुमारे सात आठवडे नेहमीचे कायदे बाजूला ठेवून शहर लष्कराच्या हुकमतीखाली राहिले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. त्यांचे पुतळे शहराच्या मध्यावर आहेत आणि इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ही चार नावे पाठ असतात. असलीच पाहिजेत.

दुसरी गोष्ट सात आठवड्यांची नव्हे, काही दशकांची आहे, आणि तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. इंग्रज सरकारने 1871 मध्ये 'गुन्हेगार जमाती' कायदा केला. 1911 मध्ये त्याचा विस्तार होऊन तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. एखाद्या जमातीला सरकारने राजपत्रात गुन्हेगार ठरवले की विषय संपला. ते ठरवणे योग्य की अयोग्य, हे कोणत्याही न्यायालयाला विचारता येत नसे. मग बोटांचे ठसे, नोंदवही, ठरल्या वेळी हजेरी आणि गावाबाहेर जायचे तर पास. सहा वर्षांवरील मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळावजा वसाहतीत ठेवण्याचीही तरतूद त्या कायद्यात होती. गुन्हा काय? जन्म.

या कायद्याखाली ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतली एक मोठी वसाहत सोलापूरची, आपण जिला नुसते 'सेटलमेंट' म्हणतो ती. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात आणून ठेवली गेली. सोलापूर का? तर इथे कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. कुंपणातली माणसे पाळीला गिरणीत जायची, परत यायची आणि हजेरी द्यायची. काही काळ वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. शाळा होती, दवाखाना होता, हेही खरे. हे सुधारणेचे काम आहे असे चालवणाऱ्यांना मनापासून वाटत होते आणि त्या शाळेत शिकून पुढे गेलेली माणसेही आहेत. पण ज्या शाळेभोवती तार आहे आणि जिथून आपल्या बापाला बहिणीच्या लग्नाला जायला पास काढावा लागतो, त्या शाळेत मूल पहिला धडा कोणता शिकत असेल?

देश 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला. हा कायदा देशभर रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 रोजी, म्हणजे पाच वर्षे सोळा दिवसांनी. मुंबई आणि मद्रास या प्रांतांनी आपापल्या हद्दीत तो आधीच मोडीत काढला होता, हे त्यांचे श्रेय. पण जिथे तो शिल्लक होता तिथली परिस्थिती डोळ्यांपुढे आणून पाहा. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर 1951 ते फेब्रुवारी 1952 या काळात झाली. म्हणजे मतपेटीत मत टाकायला पात्र असलेला माणूस मत देऊन बाहेर आला की पुन्हा हजेरीच्या वहीतला आरोपी. त्याच्याकडे मत होते, पण फ्रँचाइज नव्हती. हे दोन शब्द वेगळे का ठेवायचे, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला तरी देता येणार नाही.

पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन ही तार कापली, ही आठवण विमुक्तांच्या मेळाव्यांत आजही सांगितली जाते. 31 ऑगस्टला विमुक्त दिन साजरा होतो. तार गेली तरी वही मात्र चिवट निघाली. कायदा रद्द होतो ना होतो तोच 'सराईत गुन्हेगारां'साठीचे नवे कायदे राज्याराज्यांत आले आणि पोलिसांची नजर जिथे होती तिथेच राहिली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला, भिकूजी इदाते यांच्या आयोगाने 2017 मध्ये दिला. आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की तुरुंगांच्या नियमावल्यांतून विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार ठरवणारे उल्लेख काढून टाका. बहात्तर वर्षांनी!

मत आणि मोकळीक यांची फारकत आजही दुसऱ्या एका ठिकाणी दिसते. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे बासष्टावे कलम म्हणते की तुरुंगात असलेल्याला मतदान करता येणार नाही. शिक्षा झालेल्यालाही नाही आणि खटला चालू असलेल्यालाही नाही. पण त्याच आरोपाखालचा दुसरा जामिनावर बाहेर असेल तर तो खुशाल रांगेत उभा राहू शकतो. म्हणजे गुन्हा सिद्ध झालेला नसताना मताचा हक्क अनेकदा जामिनाच्या रकमेवर ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये हे कलम वैध ठरवले आहे. तरीही मला ते पटत नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

हे ऐकताना भाचीची आई, म्हणजे माझी बहीण, स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने वेगळाच मुद्दा काढला. म्हणाली, "बायकांचं नाव तर लग्नातच उडतं. माहेरच्या यादीतून कमी होतं आणि सासरच्या यादीत चढायला पुढची निवडणूक येते." यावर हसावे की काय करावे कळेना, कारण ते हसण्यासारखे नव्हते. पहिल्या निवडणुकीच्या याद्या होत होत्या तेव्हा उत्तरेतल्या अनेक प्रांतांत स्त्रिया परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगत नसत. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले आणि शेवटपर्यंत नाव न मिळालेल्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नोंद काढून टाकण्यात आली. तत्त्व म्हणून सेन यांचे बरोबरच होते. बाईला तिचे स्वतःचे नाव असलेच पाहिजे. पण त्या तत्त्वाची किंमत त्या वर्षी मोजली ती बायकांनी. नाव विचारायला बाईमाणूस पाठवले असते तर? आमच्याकडे नवऱ्याचे नाव उखाण्यात तरी घेतात. तिकडे स्वतःचे नाव घ्यायला उखाणाही नव्हता.

असो. भाचीने वहीतले वाक्य खोडले. बराच वेळ पेन्सिल चावून तिने नवे लिहिले, 'नोंदणी अधिकाऱ्याने चौकशी न करता आजींचे नाव वगळले.' मग म्हणाली, "पण मामा, चौकशी केली नाही हे आपल्याला कुठं माहीत आहे?" खरे होते. ते वाक्यही खोडावे लागले. दुपारी ती आजींच्या घरी गेली आणि त्यांचे जुने ओळखपत्र, वीजबिल आणि नव्याने नाव नोंदवण्याचा अर्ज घेऊन बसली. नाव कोणी आणि कशाच्या आधारे वगळले, अशी विचारणा करणारा एक साधा कागदही तिने सोबत जोडला.

सेटलमेंटची जागा पाहायची म्हणून संध्याकाळी आम्ही दोघे रिक्षाने निघालो. तारेच्या आतल्यांपैकी ज्यांची वर्तणूक चांगली ठरली त्यांना बाहेर घरे करून राहू दिले, त्या वस्त्यांना सरकारने 'फ्री कॉलनी' म्हटले आणि ते नाव आजतागायत टिकले आहे. टपालाच्या पत्त्यात, शाळेच्या दाखल्यात, मतदार यादीतही तेच. रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हटल्यावर त्याने मीटर टाकले आणि मान वळवून विचारले, "फ्री कॉलनी कितवी?"